मायाप्पा आणि बंद इंजिन

मायाप्पाला ऐकू येत नव्हतं, ही गोष्ट दोन वर्षं माझ्या लक्षात आली नाही. मी डॉक्टर. स्वतःचं सूतिकागृह, पाटीवर नावापुढे दोन पदव्या, आणि माझ्यापासून हातभर अंतरावर पुढच्या सीटवर बसणारा माणूस बहिरा होत चाललाय, हे मला कळू नये. सोलापुरात लोक मला हुशार म्हणत. म्हणोत बापडे.

मायाप्पा सांगोल्याकडच्या धनगराच्या घरातला. लहानपण मेंढरांमागे माळावर गेलं. मग एका दुष्काळात कळप विकावा लागला आणि त्याची आई चिमाबाई पोराला घेऊन सोलापुरात आली. मायाप्पा गिरणीत साच्यांवर, म्हणजे यंत्रमागांवर लागला, तो अठरा वर्षं. एका छपराखाली शेदोनशे साचे एकदम चालत. तिथं शेजाऱ्याला हाक मारायची तर ओरडून उपयोग नसे, म्हणून ती माणसं एकमेकांच्या ओठांवरून बोलणं वाचायला शिकत. सुट्टीत बाहेर चहाला बसली तरी निम्मं बोलणं बिनआवाजाचं चाले. पुढे गिरणीनं माणसं कमी केली, त्यात मायाप्पा घरी बसला. चाळिशी उलटल्यावर तो मोटार शिकला आणि बहात्तर साली माझ्याकडे ड्रायव्हर म्हणून आला.

चांगला ड्रायव्हर होता. चपला काढून सीटखाली सरकवायचा आणि अनवाणी पायानं गाडी चालवायचा. गिअर कधी कुरकुरला नाही. अडलेल्या बाईला घेऊन खड्ड्यांतून यायचं तर पोटातल्या जिवालाही कळू नये इतक्या हळू आणायचा. माझ्या जुन्या करड्या अँबेसिडरला इतकं मायेनं आधी कुणी वागवलं नव्हतं, मी तर नाहीच.

त्र्याहत्तर सालच्या शेवटी पेट्रोल भडकलं. तिकडे अरबांची लढाई आणि इकडे आमच्या गावात डॉक्टरांनी सायकली बाहेर काढल्या. मला सायकल येत नव्हती, म्हणून मी नियम काढला. गाडी थांबली की इंजिन बंद. रेल्वेचं फाटक असो, पेशंटचं दार असो, औषधाचं दुकान असो, चाक थांबलं की इंजिन थांबलं पाहिजे, आणि निघायचं झालं की पुन्हा चालू. दिवसातून तीस वेळा झालं तरी चालेल.

मायाप्पाचं तोंड उतरलं. तो क्वचित बोलायचा, पण त्या दिवशी बोलला.

"चालू राहू द्या की बाई. चालू असलं म्हंजी बरं असतंय."

मी त्याला पेट्रोल, देश आणि काटकसर यांवर पाच मिनिटांचं व्याख्यान दिलं. तो माझ्या तोंडाकडे एकटक बघत होता. मला वाटलं, भारावला असेल.

त्या नियमानं मला एक गोष्ट मिळाली, जी मी मागितली नव्हती. दुपारी दोनच्या सुमाराला आम्ही स्टेशनपलीकडच्या फाटकापाशी हमखास अडकत असू. मालगाडी यायची असे आणि ती कधी यायची हे फक्त तिलाच ठाऊक असे. एरवी मी त्या रांगेत इंजिनाच्या घरघरीत चरफडत बसायची. आता मायाप्पा किल्ली फिरवी, गाडी एकदा अंग झटकी आणि गप्प होई. मग हळूहळू गाव ऐकू येऊ लागे. लांब कुठल्यातरी गल्लीत हातमागांची खटखट, बाभळीत घुमणारा एखादा होला, पाण्याच्या हौदाशी तेलुगूत भांडणाऱ्या दोन बायका. उन्हानं तापलेला गाडीचा पत्रा बारीक टिकटिक करत निवायचा. रात्रीची दोन बाळंतपणं अंगावर असलेली मी सीटच्या कोपऱ्यात डोकं टेकायची आणि जागेपणाच्या आणि झोपेच्या मधल्या ओट्यावर बसून राहायची. तिथं बसलं की मी डॉक्टर नसे, कुणाची बाई नसे. दुधनीच्या आमच्या अंगणात उन्हाची तिरीप कुठवर आली हे बघणारी मुलगी असे, आणि आतून माझी आई कन्नडमध्ये जेवायला हाक मारत असे. ती जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. तरी त्या हाकेला ओ द्यायचं माझ्या अगदी जिभेवर येई.

एकदा तशाच तंद्रीत मी पुढे झुकून मायाप्पाला विचारलं, तुम्हाला काय ऐकू येतं? तो तेव्हा मान वळवून माझ्याकडेच बघत होता, म्हणून त्याला प्रश्न कळला. सावकाश म्हणाला की मेंढरं माळावरनं उतरत्यात. एकदम सगळी नव्हं, आधी म्होरक्याची घंटी, मग बारक्यांच्या घंट्या, मग नुसता आवाज, पाण्यावानी, थांबतच न्हाय.

मी कान देऊन ऐकलं. मेंढरं कुठंच नव्हती. मला ते फार सुंदर वाटलं. माणूस गिरणीत गेला, गाडीवर आला, पण कळप त्याच्या कानांतून काही गेला नाही, असं काहीतरी मी मनाशी म्हणाले आणि डोळे मिटले. कानात अखंड वाजत राहणं हे कशाचं लक्षण असतं, हे मी तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेत लिहून आले होते. पण ते सुचायला मी जागी असायला हवं होतं.

अशा खुणा त्यानं माझ्यासमोर रोज मांडून ठेवल्या होत्या. गाडी चालू करायच्या आधी तो डावा तळवा डॅशबोर्डवर टेकवून एक श्वासभर थांबे, मग स्टार्टरचं बटण ओढी. तळव्याशेजारी बिरोबाचा छोटा फोटो चिकटवलेला होता. मी समजले, देवाला हात लावतो. होटगीच्या बाजूला वाड्यावस्त्यांवर जाताना रेल्वेच्या छोट्या लाईनीवर एक बिनफाटकाचं क्रॉसिंग लागे. तिथं तो गाडी थांबवून उतरे, अनवाणीच रुळापर्यंत जाई, वाकून रुळाला तळवा लावी आणि परत येऊन गाडी पलीकडे नेई. मी समजले, रुळालाही नमस्कार करतो. मायाप्पाला भाविक ठरवून मी मोकळी झाले.

त्यात आरशाचं प्रकरण झालं. गाडीतला आरसा तो असा लावून ठेवी की त्यात मागचा रस्ता दिसायच्या ऐवजी मी दिसे. मान वर केली की त्याचे डोळे माझ्या तोंडावर. एकटी राहणारी बाई होते मी, असल्या नजरांचा मला तिटकारा होता. एके दिवशी मी तडकून म्हणाले की आरसा मागच्या रस्त्यासाठी असतो, माझ्यासाठी नाही. त्याची मान लालेलाल झाली. त्यानं घाईघाईनं आरसा फिरवला, तो पुन्हा कधी माझ्याकडे वळवला नाही.

तिथून सगळं बिनसलं. मी एका पेठेचं नाव सांगावं आणि त्यानं दुसऱ्याच पेठेत न्यावं. "थांबा" म्हटलं तर दोन घरं पुढं जाऊन थांबावं. आणि दिवसातून एकदोनदा तरी असं व्हायचं की गाडी चालूच असायची, कुणी दाराशी दोन शब्द बोलायला आलं म्हणून आम्ही थांबलेले असू, आणि मायाप्पा घाईत डॅशबोर्डला हात न लावताच चालू इंजिनावर स्टार्टर ओढायचा. दात खाल्ल्यासारखा कर्रर्र आवाज यायचा. माझ्या अंगावर काटा यायचा, तो मात्र शांत. मी म्हणायची, लक्ष कुठं असतं तुमचं? ते त्याच्या पाठीला म्हटलेलं असायचं.

अखेर गाडी गॅरेजात गेली. आण्णा मिस्त्री आमच्या गाडीची नस न नस ओळखत. त्यांनी आतून काढलेलं दात्यांचं चाक माझ्यासमोर धरलं. दाते झिजून बोथट झालेले. आण्णा म्हणाले की चालू इंजिनाला कुणीतरी रोज पुन्हा चालू करतंय. मी म्हणाले, मायाप्पाचं हल्ली लक्ष नसतं. आण्णांनी हातातल्या फडक्याला बोटं पुसली.

"लक्ष हाय बाई त्याचं. कान न्हाईत. साचेखात्यातला माणूस हाय की त्यो, तुमी डॉक्टर असून इचारलं न्हाई व्हय?"

गॅरेजाच्या दाराबाहेर मायाप्पा उन्हात उभा होता आणि आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होता. आण्णा बोलले ते त्यानं बारा पावलांवरून वाचलं असणार. तो खाली बघू लागला.

मला लाज वाटली. इतकी की दोन दिवस मी त्याची नजर चुकवत होते. मी मनात मागचं सगळं उलगडत होते. गाडी चालू असताना आपण मोठ्यानं, तोंड उघडून बोलतो, म्हणून ओठ वाचून त्याचं भागत होतं. इंजिन बंद झालं की आवाज आपोआप उतरतो, ओठही कमी हलतात, आणि नेमकं तेव्हा तो एकटा पडे. बंद आणि चालू यांतला फरक त्याला तळव्यानं आणि पावलानं शोधावा लागे, दिवसातून तीस वेळा, माझ्या नियमापायी. मेंढरं उतरण्याचा आवाज म्हणजे अठरा वर्षांच्या साच्यांनी कानात ठेवलेली घणघण होती. आणि तो माझ्याकडे आरशात बघे ते माझे शब्द मिळवायला. ते मी काढून घेतले होते.

तेवढ्यात त्याच्या लायसन्सचं नूतनीकरण आलं. पगारी ड्रायव्हरला डॉक्टरचा दाखला लागे. छापील कागदावर डोळे, हात, पाय, आणि एक ओळ कानांची. मागच्या खेपेला मी चहाचा कप खाली न ठेवताच सही ठोकली होती. या खेपेला तो कागद टेबलावर ठेवून गेला आणि मी दिवसभर त्याच्यावर वजन ठेवून बसले. सही केली तर खोटी. नाही केली तर मायाप्पा पुन्हा घरी, बायको म्हाळसाबाई आणि शाळेतल्या दोन पोरींसकट, आणि आता वयाची पन्नाशी समोर.

मला सही करायची होती, हे मी लपवत नाही. दोन वर्षांत त्यानं कुणाला खरचटू दिलं नव्हतं. पण मागच्याच महिन्यात साखर पेठेच्या वळणावर मागून एक म्हातारा सायकलची घंटी वाजवत आला, वाजवत राहिला, आणि मायाप्पानं गाडी शांतपणे त्याच्या अंगावर वळवली. म्हातारा कठड्याला धरून वाचला. तेव्हा मी म्हाताऱ्यालाच रागावले होते.

संध्याकाळी पेशंट संपल्यावर मी मायाप्पाला आत बोलावलं आणि म्हणाले की तपासू तरी. त्याला खोलीच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि सांगितलं की मी नाव घेईन, ऐकू आलं की हात वर करा. तो हात जोडून भिंतीपुढे उभा राहिला, देवळात उभा असावा तसा.

मी रोजच्या आवाजात म्हणाले, मायाप्पा. मग थोडं मोठ्यानं. मग दोन पावलं पुढे होऊन. मग आणखी दोन. बाहेर आयाबाईनं काय झालं म्हणून दार लोटून पाहिलं, इतक्या मोठ्यानं मी शेवटची हाक मारली. त्याचा हात वर झाला नाही. मी खुर्चीवर बसून राहिले. भिंतीवर त्याची सावली होती आणि तो तसाच, हात जोडून, धीरानं वाट बघत उभा. बऱ्याच वेळानं त्यानं हळूच मान वळवली.

"अजून सुरू न्हाय केलं व्हय, बाई?"

मग त्यानं माझं तोंड पाहिलं. मी काही बोललेच नव्हते, पण त्यानं वाचलं. मला रडू येत होतं आणि मी ते आवरलं नाही. मी त्याला सगळं समोर बसवून सांगितलं, ओठ नीट हलवून, पहिल्यांदाच. सही करणार नाही म्हणाले. सायकलवाल्या म्हाताऱ्याचं सांगितलं. ते कळल्यावर तो दचकला. त्याला तो म्हातारा माहीतच नव्हता. त्यानं आपल्या तळव्यांकडे पाहिलं आणि म्हणाला की कागद राहू दे तर.

त्या आठवड्यात मी दोन गोष्टी केल्या. गाडीतला आरसा, आतला, मी स्वतः माझ्या हातानं फिरवला, मायाप्पाला माझं तोंड दिसेल असा. आणि मायाप्पाला म्हणाले की तुमचा पगार चालू राहील, पण गाडी मी चालवणार, आणि मला तुम्ही शिकवायचं.

तो हसला. मी त्याला पहिल्यांदाच असं तोंडभर हसताना पाहिलं. बेचाळीस वर्षांची, सायकलसुद्धा न येणारी, पदर खोचलेली बाई गाडी चालवणार म्हटल्यावर सगळी गल्लीच हसली, मग त्यानं का हसू नये?

पहिल्या दिवशी त्यानं मला चपला काढायला लावल्या. म्हणाला की कानानं गाडी चालवायची न्हाय, कान फसिवत्यात, टाचंनं चालवायची. इंजिन काय म्हणतंय ते आधी तळपायाला कळतं, मग हाताला, सगळ्यात शेवटी कानाला. मी सकाळी सहा वाजता होम मैदानाच्या कडेनं अनवाणी पायानं गाडी चालवायला शिकले. गाडी उड्या मारायची, बंद पडायची, पुन्हा उड्या मारायची. मायाप्पा शेजारी बसून डॅशबोर्डवर तळवा ठेवी आणि मी क्लच सोडायच्या आधीच सांगे की आता बंद पडल. पडायची. लायसन्स काढायला गेले तेव्हा साहेबानं माझ्याकडे कमी आणि माझ्या पायांकडे जास्त पाहिलं.

मग आमचा नेम असा बसला की मी चालवायची आणि तो डावीकडे बसायचा. वळणावर मागून घंटी वाजली की मी ऐकायची. बिनफाटकाच्या क्रॉसिंगला तो उतरायचा, रुळाला तळवा लावून उभा राहायचा आणि सांगायचा की येतीया, लांब हाय, थांबू. मी कान टवकारायची. काही नसे. फक्त वारा आणि तारेवरची पाखरं. पाच मिनिटांनी क्षितिजाशी धुराची रेघ दिसे, आणि मग शिट्टी. त्याच्या त्या नमस्कारावर मी दोन वर्षं गालात हसले होते.

इंजिन बंद करायचा नियम मात्र आम्ही मोडला नाही. पेट्रोल पुढे आणखी महाग झालं, पण खरं सांगायचं तर मला ती फाटकावरची दुपार सोडवेना. फक्त आता मी आणि मायाप्पा शेजारी शेजारी बसत असू. मी त्याला मला काय काय ऐकू येतंय ते सांगायची, तोंड त्याच्याकडे वळवून. होला. माग. हौदावरच्या बायका, आज भांडण नाही, नुसत्याच हसतायत. तो मान हलवी आणि आपली मेंढरं कुठवर उतरली ते मला सांगे. मी ती आता आजार म्हणून ऐकत नसे. कधीकधी तर वाटे की पत्र्याच्या टिकटिकीत एखादी बारकी घंटी मलाही आली.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. रात्र सगळी जागून काढली होती, तीन बाळंतपणं, तिन्ही सुखरूप. दुपारी फाटकाशी गाडी थांबवली. ऊन पांढरंफटक, रांगेतला बैलगाडीवाला गाडीखाली निजलेला. मी स्टीअरिंगवर हात ठेवून बसले आणि ती नेहमीची शांतता आली. होला नव्हता, माग नव्हते. दुधनीचं अंगण आलं. उन्हाची तिरीप तुळशीपर्यंत आली होती, आई आतून हाक मारत होती. मी या खेपेला ओ दिली. मग कुणीतरी फाटक उघडलं, मागच्या ट्रकनं भोंगा वाजवला, मी दचकून सरळ झाले आणि स्टार्टरचं बटण ओढायला हात पुढं केला.

माझ्या मनगटावर मायाप्पाचा हात आला. त्याचा दुसरा तळवा डॅशबोर्डवर होता, बिरोबाशेजारी.

"ऱ्हाऊ द्या बाई," तो म्हणाला, "चालूच हाय की."

मी बंदच केली नव्हती. मी तळपाय खाली टेकवला आणि मला ते कळलं, टाचेतून, बारीक थरथर. मग गिअर टाकला आणि आम्ही रूळ ओलांडले.